त्या आईचं कुणीतरी ऐकलं!

आमच्या स्वयंपाकघरात दोन पोळपाट आहेत, दोन तवे आहेत आणि पिठाच्या चाळण्याही दोन आहेत. एका संचाला लाल रंगाची खूण केलीय, ती कुणी चुकूनही दुसऱ्यात मिसळायची नाही. पहिल्यांदा घरी येणाऱ्या बायकांना वाटतं, आमच्याकडे अजून सोवळं-ओवळं पाळतात! मी हसते आणि सांगते, अहो, हे देवाचं नाही, गव्हाचं सोवळं आहे.

माझ्या मुलीला आणि तिच्या बाबांना सीलिअॅक हा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या माणसांचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतलं मखमलीसारखं अस्तर झिजून सपाट होतं आणि मग कितीही सकस खा, अंगी लागत नाही. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. औषध एकच, ग्लुटेन आयुष्यभर बंद.

हे आज मी एका दमात सांगते, पण कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. मुलगी चार वर्षांची होती. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखं. सारखे जुलाब, चिडचिड, उंची वाढेना. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली, दृष्ट काढून झाली. शेवयांची खीर किंवा पोळी खाल्ली की हिला जास्त त्रास होतो, असं मी तेव्हाच्या डॉक्टरांना दोनदा सांगून पाहिलं. पोळीने कुणाला काही होतं का, म्हणून ते हसले. मीही खजील होऊन गप्प बसले. त्या गप्प बसण्याची टोचणी अजून जात नाही. पुढे मोठ्या शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची तपासणी केली, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झालं. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा वर्षानुवर्षं यांचं हिमोग्लोबिन का वाढत नव्हतं, त्याचंही कोडं सुटलं.

या आजाराबद्दल वाचता वाचता एका माणसाची ओळख झाली. आज तुम्हाला त्यांचीच गोष्ट सांगायची आहे. डॉ. विलेम कारेल डिके. वैद्यकाच्या जगात मोठं नाव, पण आपल्या गावांत कुणाच्या कानावरून गेलं नसेल.

डिके हे नेदरलँड्सचे, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशाचे. जन्म १९०५ सालचा, दोर्द्रेख्त गावातला. लायडनला वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि मग हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयात लहान मुलांच्या आजारांचं शिक्षण घेतलं. माणूस इतका तयारीचा, की १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्याच रुग्णालयाची सूत्रं त्यांच्या हातात आली.

त्या काळी हा आजार म्हणजे डॉक्टरांसाठीही अंधारातली चाचपड होती. आजार नवा नव्हता. १८८७ मध्ये लंडनच्या डॉ. सॅम्युएल जी यांनी त्यावर व्याख्यान दिलं होतं आणि मूल बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच होईल, हेही ओळखलं होतं. पण कोणत्या आहाराने? गंमत बघा, त्यांनी तांदूळ, साबुदाणा आणि मक्याचं पीठ वर्ज्य सांगितलं, आणि दोन्ही बाजूंनी भाजलेला पातळ पाव चालेल म्हटलं. म्हणजे बरोबर उलटं! त्यांच्या एका छोट्या रुग्णाला रोज हॉलंडचे शिंपले खाऊ घातल्यावर तो छान सुधारला होता. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि तो पुन्हा खंगला. पुढच्या वर्षी तर त्याने शिंपल्यांना तोंडच लावलं नाही. कोणती आई रोज रोज एकच पदार्थ खाऊ घालू शकेल, सांगा!

त्यानंतर १९२४ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार काढला. त्यात पाव बंद, बिस्किटं बंद, धान्यं बंद आणि केळी भरपूर. मुलं सुधारली आणि श्रेय मिळालं केळ्यांना. ताटात काय वाढलं हे सगळ्यांनी पाहिलं, ताटातून काय काढलं गेलं ते कुणी पाहिलं नाही.

ते पाहिलं एका आईने. सांगतात ते असं, की डिके यांच्या रुग्णालयातल्या एका तरुण आईच्या लक्षात आलं होतं, की मुलाच्या खाण्यातला पाव काढला की दोन-तीन दिवसांत त्याच्या अंगावरचं पुरळ ओसरतं आणि पाव दिला की परत येतं. तिने ते तसं सांगितलं. त्या बाईचं नाव कुठे नोंदलेलं माझ्या वाचनात नाही. पण तिचं बोलणं डिके यांच्या मनात राहिलं. पाव हे त्या देशाचं रोजचं अन्न, सकाळीही पाव आणि दुपारीही पाव. आपल्याकडे कुणी पोळी-भाकरीच विषारी म्हणावी, तसंच ते. तरीही त्यांनी ती गोष्ट उडवून लावली नाही. गहू बंद करून मुलांना ठेवायचं, वजन बघायचं, पुन्हा गहू द्यायचा, पुन्हा बघायचं, असं त्यांनी महिनोन् महिने सुरू केलं. १९४१ मध्ये आपल्या देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी या साध्या आहाराबद्दल पहिला लेख लिहिला.

तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि हॉलंड जर्मनीच्या ताब्यात होता. १९४४-४५ चा हिवाळा तिथे भुकेचा हिवाळा म्हणूनच ओळखला जातो. पश्चिमेकडच्या शहरांत अन्न पोचेना. लोकांनी साखरेचे बीट खाल्ले, ट्युलिपच्या फुलांचे कंदसुद्धा उकडून खाल्ले. हजारो माणसं भुकेने गेली. धडधाकट माणसं वाळत होती आणि डिके यांच्या रुग्णालयातली ही कायमची आजारी मुलं मात्र सुधारत होती! कारण पावच मिळत नव्हता. लढाई संपली, शहरात पुन्हा पाव आला, सगळीकडे आनंद झाला आणि ही मुलं परत आजारी पडली.

डिके यांना हा शोध त्या दुष्काळात अचानक लागला, अशी गोष्ट खूपदा सांगितली जाते. पण तारखा नीट पाहिल्या की कळतं, त्यांचा लेख आधीच छापून आला होता. दुष्काळाने फक्त त्यांचं म्हणणं पक्कं केलं. सुरुवात झाली होती ती एका आईच्या बोलण्यापासून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

युद्धानंतर वायर्स आणि फान डे कामर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नेटाने काम केलं. काम म्हणजे कसलं? मुलांच्या शौचातून न पचलेली चरबी किती जाते, ते रोज मोजायचं! ऐकायला किळसवाणं, पण त्यातूनच आकडे मिळाले. गहू दिला की चरबी वाया जायची, तांदूळ, मका किंवा बटाट्याचं पीठ दिलं की नाही. १९५० मध्ये डिके यांनी उट्रेख्त विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला. नंतर त्यांच्या गटाने दाखवून दिलं, की दोष गव्हाच्या पिठातल्या सत्त्वाचा नाही, चिकट प्रथिनाचा आहे.

१९५२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीही स्वतः तपासून हेच सांगितलं. त्या गटात शार्लट अँडरसन या ऑस्ट्रेलियन डॉक्टर होत्या. लंडनच्या डॉ. मार्गोट शायनर यांनी त्याच दशकात नळीने आतड्याचा तुकडा काढण्याची पद्धत आणली, त्यामुळे निदान पक्कं करता येऊ लागलं. या आजाराच्या गोष्टीत बायका अशा जागोजागी भेटतात.

डिके पुढे उट्रेख्तला प्राध्यापक झाले, तिथल्या विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९६२ मध्ये, साठी गाठायच्या आतच गेले. त्यांनी कुठलं औषध शोधलं नाही, यंत्र शोधलं नाही. ताटातून एक पदार्थ काढला. त्यावर आज जगभरातली लाखो मुलं वाढतात आणि त्यांतली एक आमच्याकडे वाढली.

पण मैत्रिणींनो, डॉक्टरांनी पदार्थ काढला, तरी ताट भरायचं काम आईचंच असतं. सुरुवातीला मला रडू यायचं. वाढदिवसाला केक नाही, डब्यात बिस्किट नाही, लग्नाच्या पंगतीत पुरी नाही. सासूबाईंचा जीव नातीवर. सणासुदीला एक घास पुरणपोळीने काय होतं, म्हणून त्या हळूच भरवायच्या आणि आठवडाभर पोरगी अंथरुणात. रागावून उपयोग नव्हता, त्यात माया होती. एका दुपारी मी त्यांना डिके यांची आणि त्या भुकेच्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच उपवासाचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. राजगिरा, शिंगाडा, वरी, साबुदाणा! आपल्या बायका एकादशीला पिढ्यान् पिढ्या गव्हाशिवाय रांधतातच की. खाली ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ होतेच. आमचा खजिना घरातच होता.

भाजण्याचं तंत्र मात्र चुकत-माकतच शिकले. मैद्याचा केक फुगतो, कारण ग्लुटेन रबरासारखं ताणतं आणि हवा धरून ठेवतं. तेच नाही म्हटल्यावर माझा पहिला केक वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळला, दुसरा विटेसारखा झाला! मग इसबगोल सापडलं. ते पाण्यात फुगून चिकट होतं आणि पीठ धरून ठेवतं. आता आमचा केक असा होतो: एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी नाचणीचं, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, दोन लहान चमचे इसबगोल, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा आणि मीठ. एक वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी पातळ तूप आणि एक वाटी ताजं दही फेटून त्यात ही पिठं मिसळायची, लागेल तसं दूध घालायचं. वीस मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे तांदळाची कचकच जाते. मग १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून, मंद आचेवर. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा मात्र नाही, नाहीतर चुरा होतो.

खरा धोका केकमध्ये नसतो, तो नजरेआड असतो. गिरणीत आधी गहू दळला असेल तर आपल्या ज्वारीत तो मिसळतोच, म्हणून आम्ही घरघंटी घेतली. डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. रोजच्या फोडणीतून विष चाललं होतं! तेव्हापासून प्रत्येक पाकिटावरचा मजकूर वाचते. कायद्याने ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. एवढ्यावरून समजा, चिमूटही का मोजावी लागते ते.

आणखी एक. मुलाचं पोट सारखं बिघडत असेल, उंची वाढत नसेल, रक्त कमी असेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा. पण आपल्या मनाने आधीच गहू बंद करू नका. तसं केलं तर तपासणीत आजार लपून जातो. एकाला निघाला तर आई-वडील, भावंडं सगळ्यांची तपासणी करा. जवळच्या नात्यात साधारण दहांत एकाला तो सापडतो.

लेक आता कॉलेजला आहे. वसतिगृहात जाताना तिने लाल खुणेचा तवा मागून घेतला आणि केकची कृती स्वतःच्या वहीत उतरवून घेतली. तिच्याकडे पाहताना मला डिके आठवतात आणि त्यांच्याआधी ती बिननावाची आई आठवते. मी खजील होऊन गप्प बसले होते. ती बोलली होती. आपल्या लेकराबद्दल आपल्याला काही दिसत असेल तर दोनदाच नाही, दहादा सांगा. ऐकणारा कुणीतरी भेटतोच.