फादर स्टीफन्स : आपल्या शाळेच्या फळ्यावर भेटलेला इंग्रज

करडीच्या आपल्या शाळेत मराठीच्या सरांनी एकदा फळ्यावर मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या लिहिल्या होत्या. खाली कवीचं नाव लिहिलं, फादर स्टीफन्स, आणि मागच्या बाकावर हशा पिकला. आपण घरी पाण्याला पानी म्हणणारी पोरं आणि हा साहेब मराठीचं कौतुक करणारा! पुढे इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात माझ्या झाडी बोलीला सगळे हसले, तेव्हा हा माणूस मला पुन्हा आठवला. मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. स्मरणिकेसाठी लिही म्हणालात, म्हणून त्याच्यावरच लिहिते.

थॉमस स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशरचा. तो कॅथलिक होता आणि त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिक असणं धोक्याचं होतं. १५७५ मध्ये रोमला जाऊन तो जेझुइट संघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाज निघालं, ते २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. या प्रवासाचं वर्णन त्याने वडिलांना पत्रातून कळवलं. ते पत्र पुढे इंग्लंडात छापलं गेलं. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचंच नाव घेतात. कंपनी सरकार यायला अजून बराच अवकाश होता.

पुढची चाळीसेक वर्षं त्याने गोव्यात, मुख्यतः साष्टी भागात काढली. हा काळ सोज्वळ नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली होती, १५६० पासून इन्क्विझिशन सुरू होतं, आणि लोकांच्या जुन्या पोथ्यांवर बंदी होती. २५ जुलै १५८३ ला कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांचे मृतदेह मिळवण्याच्या कामी स्टीफन्स होता. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून चौकशीविना मारलं. चर्चने त्या पाच जणांना १८९३ मध्ये धन्य घोषित केलं. स्टीफन्सच्या नावापुढे अशी कुठलीच पदवी नाही. त्या सत्तेच्या आधारानेच तो तिथे राहत होता, त्यामुळे त्याला सरसकट संत म्हणणं मलाही जड जातं. पण त्याने जे केलं ते त्याच्या बरोबरीच्या फार थोड्यांनी केलं: तो लोकांची भाषा शिकायला बसला.

१५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने एक निरीक्षण नोंदवलं. इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असं ते होतं. विल्यम जोन्सने तेच सांगितलं ते दोनशे वर्षांनी.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना ओव्यांची, पुराणं ऐकण्याची सवय होती आणि जुनी पुराणं तर बंद झाली. त्यांच्यासाठी त्याने ख्रिस्तपुराण रचलं. १०,९६२ ओव्या! बायबलची कथा, पण घाट आपल्या पुराणांचा. स्वर्गाला त्याने सरळ वैकुंठ म्हटलं. शब्द मराठी, त्यात गोव्याच्या बोलीची मिसळ, कारण ऐकणाऱ्याला कळायला हवं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. ख्रिस्तपुराण छापलं गेलं रोमन लिपीत. स्टीफन्सला ते देशी अक्षरांत हवं होतं. १६०८ मध्ये त्याने रोमला वरिष्ठांना पत्र लिहून खिळ्यांची मागणी केली. जोडाक्षरं धरून सुमारे ६०० साचे लागतील, एवढे कोण करणार, अशी अडचण पुढे केली जात होती. त्याने सुचवलं की ते २०० वर आणता येतील. फॉन्टवर काम करताना मी स्वतः जोडाक्षरांशी झगडले आहे, म्हणून हे वाचून मी खुर्चीतच उठून बसले. मागणी काही पूर्ण झाली नाही. आणि आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप बघा, फोनमध्ये देवनागरी असूनही निम्मे जण मराठी रोमनमध्येच लिहितात!

१६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. भारतीय भाषेचं ते पहिलं छापील व्याकरण मानतात. ज्या बोलीला मोठी माणसं भाषा मानत नव्हती, तिचे नियम त्याने मांडले. हे मला ख्रिस्तपुराणाइतकंच मोठं वाटतं, आणि का वाटतं ते झाडीपट्टीतल्या माणसाला समजावून सांगायला नको.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने कोकणी वापरण्यावरच बंदीचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या तीन जुन्या छापील आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत सापडत नाही. टिकल्या त्या हाताने उतरवलेल्या पोथ्या. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत त्या जपल्या, गायल्या गेल्या, आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये सल्डाना यांनी मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीतली एक जुनी पोथी लंडनच्या ग्रंथालयात निघाली. स्टीफन्सला हवी होती ती अक्षरं छापखान्यात नाही मिळाली, पण कुणीतरी ती बोरूने लिहून ठेवली होती.