भांडण मिटवायला शिकवणारा गुरू: संत डॉन बॉस्को



रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की चर्चच्या आवारात मुलांचा खेळ सुरू होतो आणि पाच मिनिटांत कुणाचे तरी भांडण जुंपते. मग आपण मोठी माणसे धावतो. एकाचा हात ओढतो, दुसऱ्याच्या पाठीत धपाटा घालतो, दोघांनाही सॉरी म्हणायला लावतो आणि घरी पाठवतो. भांडण थांबते, पण मिटते का? पुढच्या रविवारी तीच मुले पुन्हा एकमेकांच्या अंगावर जातात. लिहिणे-वाचणे जसे शिकवावे लागते, तसेच भांडण मिटवणेही शिकवावे लागते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हे ओळखणाऱ्या एका धर्मगुरूचे जीवन आज आपण पाहू या. ३१ जानेवारीला आपण त्यांचा सण साजरा करतो.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या लहानशा वाडीवर, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले. आई मार्गारेट हिने मोठ्या कष्टाने घर सांभाळले. पण घरात शांतता नव्हती. थोरला सावत्र भाऊ अँटनी याला जॉनचे शिकणे पसंत नव्हते. शेतकऱ्याच्या पोराने शेतात राबावे, असे त्याचे म्हणणे. वाद इतका वाढला की आईला आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घराबाहेर, दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवावे लागले. पुढे आईने वाटणी करून दिली आणि जॉनच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. मिटवता न आलेले भांडण लेकराला किती महागात पडते, हे या संताने स्वतः भोगले होते.

वयाच्या नवव्या वर्षी त्यांना एक स्वप्न पडले. पुष्कळ मुले खेळत होती, काही शिवीगाळ करत होती. जॉन त्यांना गप्प करण्यासाठी ठोसे मारत धावला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि मारझोडीने नव्हे, तर सौम्यतेने आणि प्रेमाने या मुलांना आपले मित्र कर, असे सांगितले. या स्वप्नाचा अर्थ कळायला त्यांना सारे आयुष्य लागले.

५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात, म्हणून ते डॉन बॉस्को झाले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, ट्युरिन शहरातील संत फ्रान्सिस असिसीकर चर्चच्या सॅक्रिस्तीत ते मिस्साची तयारी करत होते. तेथे एक गरीब मुलगा उभा होता. मिस्साची सेवा करता येत नाही म्हणून तेथील सेवकाने त्याला काठीने बडवून हाकलले. डॉन बॉस्कोंनी सेवकाला थांबवले आणि तो मुलगा आपला मित्र आहे, असे सांगून त्यालाच मुलाला परत बोलवायला पाठवले. ज्याने हाकलले, त्यानेच बोलावून आणले! त्या बार्तोलोमेओ गारेल्लीपासून डॉन बॉस्कोंच्या कार्याला सुरुवात झाली. १८४६ साली वाल्दोक्को भागातील एका शेडमध्ये या कार्याला कायमची जागा मिळाली. तेथे येणारी मुले गवंड्यांच्या हाताखाली राबणारी, अनाथ, रस्त्यावर वाढलेली होती. ठोसा आणि दगड ही त्यांची भाषा होती.

या मुलांना त्यांनी कसे वळण लावले? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक साधी गोष्ट मनावर ठसते. कारण तसेच ठेवले, तर परिणाम पुन्हा डोके वर काढतो. डॉन बॉस्कोंची प्रतिबंधक पद्धती याच विचारावर उभी आहे. १८७७ साली त्यांनी ती एका छोट्या पुस्तिकेत मांडली. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तिचे तीन आधार. नियम मुलांना आधी समजावून सांगावेत. शिक्षकाने खेळाच्या मैदानावर मुलांसोबत असावे, म्हणजे ठिणगी पडतानाच दिसते. चूक दाखवायची ती चारचौघांत नव्हे, तर एकट्याला बाजूला घेऊन. मारणे, त्रासदायक रीतीने गुडघ्यांवर उभे करणे, कान ओढणे या शिक्षा त्यांनी पूर्णपणे वर्ज्य ठरवल्या. अशा शिक्षांनी मूल चिडते आणि शिक्षकाची किंमत कमी होते, असे त्यांचे मत होते. आपल्या देशात शाळेतील शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची दूरदृष्टी कळते.

या शिकवणीचे फळ त्यांच्या एका विद्यार्थ्यात दिसले. त्याचे नाव डॉमिनिक सावियो. त्याच्या वर्गातील दोन मुलांनी एकमेकांच्या घरच्यांचा अपमान केला आणि दगडांनी लढून निकाल लावायचे ठरवले. डॉमिनिकने आधी त्यांची समजूत घातली, मग पत्र लिहिले. ऐकेनात, तेव्हा तो त्यांच्याबरोबर त्या जागी गेला. दोघांनी दगड उचलताच तो मध्ये उभा राहिला. त्याने गळ्यातील लहान क्रूस त्यांच्यासमोर धरला, क्षमा करणाऱ्या ख्रिस्ताची त्यांना आठवण दिली आणि पहिला दगड आपल्यालाच मारा म्हणून विनवले. दोघांचे दगड गळून पडले. डॉमिनिकने याची वाच्यता केली नाही. त्या मुलांनीच ती गोष्ट सांगितली म्हणून जगाला कळली. १८५७ साली, पंधरा वर्षेही पूर्ण होण्याआधी, डॉमिनिक देवाघरी गेला. आज तोही संत आहे.

डॉन बॉस्कोंना स्वतःला हे सारे सोपे गेले, असे समजू नका. ट्युरिनचे आर्चबिशप गास्ताल्दी हे एकेकाळचे त्यांचे स्नेही, पण दोघांमध्ये दहा वर्षे तीव्र मतभेद राहिले. अखेर १८८२ साली पोप तेरावे लिओ यांच्या मध्यस्थीने समेट झाला. त्यात क्षमेचे पत्र लिहिण्याचे डॉन बॉस्कोंच्या वाट्याला आले आणि त्यांनी ते लिहिले. मुलांना शिकवलेला धडा त्यांना साठी उलटल्यावर स्वतः गिरवावा लागला.

३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९३४ च्या ईस्टरच्या दिवशी त्यांना संतपद जाहीर झाले. त्यांनी स्थापन केलेल्या सलेशियन संस्थेचे धर्मगुरू १९०६ साली तंजावर येथे येऊन भारतात कार्य करू लागले. मुंबईत माटुंग्याची त्यांची शाळा आपल्या परिचयाची आहे.

प्रिय पालकहो, मुले आपले शब्द कमी ऐकतात, आपल्याकडे जास्त पाहतात. बांधावरून, वाटणीवरून सख्ख्या भावाशी अबोला धरलेल्या घरात मूल क्षमा कुठून शिकणार? या आठवड्यात मुलांचे भांडण झाले, तर हात उगारण्याआधी दोघांनाही वेगवेगळे बसवून त्यांचे पूर्ण ऐकून घ्या. दुसऱ्याला काय वाटले असेल, हे त्यांनाच विचारा. समेटाचा मार्ग त्यांनाच सुचू द्या. आणि आपले एखादे जुने पत्र लिहायचे राहिले असेल, तर तेही लिहून टाकू या.

संत डॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी आणि आम्हां मोठ्यांसाठी विनंती करा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू