दख्खनचा वजीर मलिक अंबर

शेलूबाजारच्या स्टँडवरून पश्चिमेकडे जाणारी एस. टी. पकडली की मालेगाव लागते, मेहकर लागते, सिंदखेडराजा लागतो, मग जालना येते आणि शेवटी छत्रपती संभाजीनगर. रस्ता एकच आहे. फक्त जिल्ह्यांच्या पाट्या बदलत जातात. पाटी मागे पडली की आपण दुसऱ्या जिल्ह्यात गेलो, एवढेच. कोणी गाडी अडवत नाही, कोणी परवाना मागत नाही.

चारशे वर्षांपूर्वी मात्र याच मुलखात दोन राज्यांची हद्द एकमेकींना भिडत होती. वाशीम आणि मेहकर ही गावे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची ठाणी होती. पलीकडे अहमदनगरची निजामशाही होती. ही हद्द एका जागी राहत नसे. दर पाच-दहा वर्षांनी ती कधी पुढे, तर कधी मागे सरकत असे. या रस्त्याच्या टोकाला असलेले शहर ज्याने वसवले, त्या माणसाचे निम्मे आयुष्य याच हद्दीवर लढण्यात गेले. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबर दख्खनमध्ये जन्मला नव्हता. तो आफ्रिका खंडातील इथिओपिया देशाचा. त्या देशाला आपल्याकडे पूर्वी हबश म्हणत, म्हणून तिकडची माणसे हबशी. सुमारे 1548 साली तो जन्मला. आईवडिलांनी त्याचे नाव चापू ठेवले होते. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. आधी एका बाजारात, मग दुसऱ्या बाजारात, असा तो विकला जात राहिला. शेवटी बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. मीर कासिमने मुलाची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि त्याचे नाव अंबर ठेवले. मुलांनो, अंबर म्हणजे काय हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. अत्तराच्या दुकानात हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. मराठीत मात्र अंबर म्हणजे आकाश. या मुलाला दोन्ही अर्थ शोभले.

1570 नंतरच्या काही वर्षांत मीर कासिमने त्याला दख्खनमध्ये आणले आणि चंगेजखान नावाच्या सरदाराला विकले. हा चंगेजखान म्हणजे मंगोलांचा बादशहा नव्हे. हा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर होता आणि तो स्वतःही हबशी होता. एके काळी तोही गुलामच होता, असे सांगतात. गुलाम म्हणून आलेला माणूस दख्खनमध्ये वजीर होऊ शकतो, हे अंबरने आपल्या धन्याकडे पाहूनच जाणले असेल.

आता त्या काळच्या दख्खनचा नकाशा डोळ्यांसमोर आणू या. 1347 साली दौलताबादला बहमनी राज्य स्थापन झाले. ते जवळजवळ दीडशे वर्षे टिकले आणि मग फुटले. त्याचे पाच तुकडे झाले: वऱ्हाडची इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि बीदरची बरीदशाही. आपला वऱ्हाड तेव्हा एक स्वतंत्र राज्य होता. त्याची राजधानी अचलपूर. गाविलगड आणि नरनाळा हे त्याचे दोन बळकट किल्ले. 1490 साली सुरू झालेले हे राज्य 1574 साली बुडाले. ते बुडवले अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने, आणि त्या मोहिमेची सूत्रे वजीर चंगेजखानाच्या हाती होती. म्हणजे अंबरच्या धन्यानेच दख्खनच्या नकाशावरून वऱ्हाडचे राज्य पुसले. पुढे हाच वऱ्हाड अंबरच्या वाट्याला डोकेदुखी म्हणून येणार होता.

थोड्याच दिवसांत चंगेजखान मरण पावला. सुलतानाला त्याच्याविषयी संशय आला आणि त्याला विष देण्यात आले, असे इतिहासकार सांगतात. त्याच्या विधवा पत्नीने अंबरला मुक्त केले. आता तो कोणाचा गुलाम नव्हता. पण त्याच्याजवळ ना जमीन होती, ना नातेवाईक होते, ना कोणी पाठीराखा. होती ती फक्त तलवार. तो काही वर्षे विजापूरच्या नोकरीत राहिला. तिथे त्याला मलिक हा किताब मिळाला. मग थोडे स्वार सोबत घेऊन तो अहमदनगरला परतला.

तो परतला, तेव्हा अहमदनगरवर मोठे संकट आले होते. उत्तरेकडून अकबर बादशहाचे सैन्य दख्खनमध्ये उतरले होते. चांदबिबीने 1595 च्या अखेरीस किल्ला मोठ्या हिमतीने लढवला, ही कथा तुम्ही वाचली असेल. पण किल्ला वाचवण्याची किंमत द्यावी लागली. 1596 च्या तहात वऱ्हाड मोगलांना देण्यात आला. त्या वर्षी वाशीमच्या, मेहकरच्या, बाळापूरच्या शेतकऱ्याचा राजा बदलला. शेत तेच, बैल तेच, पण महसूल आता आग्र्याच्या नावाने जमा होऊ लागला. बावीस वर्षांत तिसरे राज्य! चार वर्षांनी, 1600 साली, चांदबिबी मारली गेली. अहमदनगरचा किल्ला पडला आणि लहानग्या सुलतानाला मोगलांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. राजधानी गेली, राजा गेला. राज्य संपले, असे सगळ्यांना वाटले.

मलिक अंबरला तसे वाटले नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एक मुलगा शोधून काढला. परांडा किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा या नावाने गादीवर बसवले आणि आपली मुलगीही त्याला दिली. स्वतः तो वजीर झाला. राजधानी हरवलेल्या राज्याला त्याने नवी राजधानी दिली. पुढच्या दहा वर्षांत ती परांड्याहून जुन्नरला आणि तिथून दौलताबादला गेली. माझे विद्यार्थी विचारतात, की एवढे सामर्थ्य होते, तर तो स्वतःच राजा का झाला नाही? याचे एक कारण असे दिसते, की परदेशातून आलेल्या, गुलाम असलेल्या माणसाला दख्खनच्या सरदारांनी राजा म्हणून मानले नसते. घराण्याचे नाव निजामशहाचे आणि हुकूम मलिक अंबरचा, ही व्यवस्था मात्र सर्वांनी मान्य केली.

मोगलांचे सैन्य मोठे, तोफा मोठ्या. मैदानात समोरासमोर लढून जिंकणे कठीण होते. मलिक अंबरने मराठा घोडेस्वार आपल्या फौजेत घेतले. हे स्वार हलके, चपळ आणि डोंगरदऱ्यांची खडान्‌खडा माहिती असणारे होते. ते मोगलांची रसद तोडत, रात्री छापा घालत आणि मोठी फौज चालून आली की घाटात दिसेनासे होत. यालाच आपण गनिमी कावा म्हणतो. वेरूळचे मालोजी भोसले, त्यांचे पुत्र शहाजीराजे, सिंदखेडचे लखुजी जाधव ही मंडळी निजामशाहीचीच सरदार होती. गनिमी कावा पुढे शिवाजी महाराजांनी कसा वापरला, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

मोगलांचा सेनापती होता अब्दुल रहीम खानखाना. होय, हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे तुम्ही पाठ केले, तोच रहीम! 1602 साली नांदेडजवळ रहीमचा मुलगा आणि मलिक अंबर यांची मोठी लढाई झाली. अंबर जखमी झाला. त्यानंतर दोन्ही बाजूंनी तह केला आणि आपापल्या हद्दी ठरवून घेतल्या. हद्द कागदावर उतरली, पण फार दिवस टिकली नाही. 1610 साली मलिक अंबरने अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून परत घेतला.

1610 हे वर्ष त्याच्या आयुष्यात फार महत्त्वाचे आहे. याच वर्षी त्याने खडकी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर वसवण्यास सुरुवात केली. तिथे पाण्याची टंचाई होती. त्याने डोंगराकडून जमिनीखालून नळ आणि बोगदे खोदून शहरात पाणी आणले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. दरबारातील लोकांना हे काम अशक्य वाटत होते, असे सांगतात. नहरीचे अवशेष आजही पाहायला मिळतात.

पण याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली आणि ती लपवून ठेवणे बरोबर नाही. सुलतान मुर्तजा आणि वजीर यांचे बिनसले होते. सुलतानाच्या एका राणीने अंबरच्या मुलीचा अपमान केला, म्हणून भांडण वाढले. शेवटी सुलतानाला विष देण्यात आले आणि त्याच्या लहान मुलाला गादीवर बसवण्यात आले. ज्या विषाने अंबरचा पहिला धनी गेला, तेच त्याने आपल्या सुलतानासाठी वापरले. मोठ्या माणसाच्या चरित्रातील असे पान उलटून पुढे जावेसे वाटते, पण ते पानही वाचले पाहिजे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. मोगलांचा मोठा तळ बाळापूरला होता. 1616 साली मलिक अंबरचे काही सरदार रुसून मोगलांना जाऊन मिळाले. त्यांत सिंदखेडचे लखुजी जाधवही होते. त्यांना घेऊन रहीमचा मुलगा शाहनवाजखान बाळापूरहून निघाला. जालन्याजवळ रोशनगावला लढाई झाली. मलिक अंबर हरला. मोगल खडकीत घुसले. सहा वर्षे खपून उभारलेले शहर त्यांनी लुटले, जाळले आणि ते परत गेले. साठी ओलांडलेल्या अंबरने ते पुन्हा उभे केले.

जहांगीर बादशहाचा मलिक अंबरवर इतका राग होता, की त्याने एक चित्र काढवून घेतले. त्या चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या छाटलेल्या डोक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात हे दोघे कधी समोरासमोरही आले नाहीत. मैदानात जे जमले नाही, ते चित्रकाराने कागदावर करून दाखवले. हे चित्र आज आयर्लंडमधील डब्लिन शहरात आहे.

1617 साली शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दख्खनमध्ये आला. अंबरने तह करून अहमदनगर परत दिले. 1620 साली तह मोडून त्याने पुन्हा वऱ्हाड आणि अहमदनगरच्या मुलखात फौजा घातल्या. मोगल मागे हटत हटत बऱ्हाणपूरपर्यंत गेले आणि तिथे वेढ्यात अडकले. 1621 साली खुर्रम परत आला. पुन्हा तह. घेतलेला सगळा मुलूख तर गेलाच, शिवाय त्याला लागून असलेली चौदा कोस रुंदीची पट्टीही मोगलांना द्यावी लागली. तेव्हाच्या हद्दी अशा कोसांनी मोजत. त्या चौदा कोसांत किती गावे होती आणि त्या गावांना कोणी विचारले होते का, ते तहात लिहीत नसत. गंमत अशी, की पुढे खुर्रमने बापाविरुद्ध बंड केले, तेव्हा तो मदतीसाठी मलिक अंबरच्याच दारात आला.

युद्धाला पैसा लागतो आणि पैसा शेतातून येतो. हद्द सारखी हलत असताना शेतकरी गाव सोडून पळाला, तर राज्य चालणार कसे? मलिक अंबरने महसुलाचा ठेका देण्याची पद्धत बंद केली. ठेकेदार वाटेल तेवढे पैसे उकळीत असत. त्याने जमिनीची पाहणी करवून तिची प्रत ठरवली आणि पीक पाहून सारा ठरवला. वसुलीचे काम गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडे दिले. महसूल, जमीन, पीक-पाहणी हे शब्द मराठीत आणि उर्दूत कसे शेजारी शेजारी राहतात, हे तुमच्या लक्षात आले असेलच. ही पद्धत मलिक अंबरी धारा म्हणून त्याच्यानंतरही ओळखली जात राहिली. 1617 साली त्याला भेटलेल्या एका डच व्यापाऱ्यानेही त्याच्या कडक न्यायाचे वर्णन लिहून ठेवले आहे.

1624 साली त्याची सर्वांत मोठी परीक्षा झाली. मोगल आणि विजापूरकर, दोघेही एक होऊन त्याच्यावर चालून आले. अहमदनगरजवळ भातवडीला तळ पडला. पावसाळ्याचे दिवस होते. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत चिखल झाला, घोडी आणि तोफा रुतल्या, धान्य मिळेना, माणसे उपाशी राहिली. मग त्याने हल्ला केला. शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी त्याच्या बाजूने लढले. शरीफजी या लढाईत मारले गेले. दोन मोठ्या फौजांचा एकाच वेळी पराभव झाला. अंबर तेव्हा सुमारे 76 वर्षांचा होता.

दोन वर्षांनी, 1626 साली, तो मरण पावला. खुलताबादला त्याची कबर आहे. आयुष्यभर त्याच्याशी लढलेल्या मोगलांच्या इतिहासकारानेही त्याच्या युद्धकलेची आणि राज्यकारभाराची स्तुती केली.

त्याच्यामागे निजामशाही फक्त दहा वर्षे टिकली. 1633 साली दौलताबाद पडले. शहाजीराजांनी आणखी एका बालराजाला गादीवर बसवून तीन वर्षे झुंज दिली. 1636 साली मोगल आणि आदिलशहा यांनी निजामशाहीचा मुलूख आपसांत वाटून घेतला. खडकीला अंबरचा मुलगा फत्तेखान याने फतेहनगर नाव दिले. पुढे शाहजादा औरंगजेबाने औरंगाबाद केले आणि 2023 पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे.

वऱ्हाडच्या हद्दी पुढेही बदलतच राहिल्या. मोगलांनंतर निजाम आणि नागपूरकर भोसले आले, 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला, 1903 साली तो मध्य प्रांताला जोडला गेला, 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. वाशीम जिल्हा 1905 साली मोडून अकोल्यात घातला होता, तो 1998 साली पुन्हा वेगळा झाला. मेहकरच्या अलीकडे रस्त्यावर जी जिल्ह्याची पाटी दिसते, ती तेव्हाची.