आजी जरा फिरायला गेली!

ट्रेकला निघायच्या आदल्या रात्री सॅक कशी भरली जाते आठवतंय ना? टी-शर्ट दोन की तीन? पॉवर बँक घेतली का? नवे ट्रेकिंग शूज घ्यावेत की मित्राचे मागून न्यावेत? आणि घरी नेमकं काय सांगायचं, हा तर वेगळाच विषय. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एमा गेटवुड नावाच्या आजीने हे सगळे प्रश्न १९५५ सालीच निकालात काढले होते. तिने जाड डेनिमची एक झोळी शिवली, ती खांद्यावर टाकली आणि मुलांना सांगितलं की मी जरा फिरायला जातेय. कुठे, हे काही सांगितलं नाही. वय वर्षं ६७, ११ मुलं, २३ नातवंडं. आणि हे ‘जरा फिरणं’ होतं सुमारे ३,३०० किलोमीटरचं!

ती निघाली होती अ‍ॅपलेशियन ट्रेलवर. दक्षिणेला जॉर्जिया, उत्तरेला मेन, एकूण १४ राज्यं आणि जवळजवळ सगळी वाट डोंगराच्या धारेवरून, दाट जंगलातून. बेंटन मकाय या माणसाने १९२१ मध्ये ही कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली. पण ती एका दमात चालणारे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकटीने, एकाच मोसमात ती चाललेली बाई तर एकही नव्हती.

आता थोडं मागे जाऊ. कारण ही गोष्ट नुसती फिटनेसची नाही.

एमाचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ चा, ओहायो नदीकाठच्या गॅलिया परगण्यातला. पंधरा भावंडं, शिक्षण आठवीपर्यंत. १९०७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा तिच्यापेक्षा जास्त शिकलेला, शिक्षकी केलेला. गावात मान असलेला माणूस. लग्नानंतर काही महिन्यांतच त्याने तिच्यावर हात उचलला आणि मग तो थांबलाच नाही. दात तुटले, बरगडी मोडली. तुला वेडी ठरवून इस्पितळात टाकेन, ही धमकी कायमची. शेतातली कामं, तंबाखूचं पीक, अकरा बाळंतपणं आणि वर हे. असह्य झालं की ती घरामागच्या रानात निघून जायची. तिथे तिला कोणी शोधायला येत नसे. कोणतं झाड कसलं, कुठला पाला खायचा, कुठल्या मुळीचा काढा करायचा, हे सगळं तिला त्या रानाने शिकवलं. पुढे उपयोगी पडलं ते हेच.

१९३९ मध्ये एका भांडणात तिने नवऱ्यावर पिठाची पिशवी फेकली. पोलीस आले आणि पकडून कुणाला नेलं? तिला! तुटलेले दात, सुजलेला चेहरा अशा अवस्थेत ती कोठडीत बसली होती. त्या गावच्या महापौराच्या ते लक्षात आलं, त्याने तिला सोडवून स्वतःच्या घरी आसरा दिला. १९४१ मध्ये घटस्फोट झाला. लग्नाला तेहेतीस वर्षं होऊन गेली होती. त्या काळात, खेड्यात, एका बाईने हे पाऊल उचलणं म्हणजे काय, याचा अंदाज आपल्याला आजही करता येतो. दुर्दैवाने फार कल्पनाशक्ती लागत नाही.

पुढे मुलं मोठी झाली, आपापल्या वाटेला लागली. एका मासिकात तिने अ‍ॅपलेशियन ट्रेलवरचा लेख वाचला. रंगीत फोटो, छान रुंद वाट, ठराविक अंतरावर मुक्कामाच्या जागा. तिला वाटलं, हे तर आपल्याला सहज जमेल.

नाही जमलं. १९५४ च्या उन्हाळ्यात ती उत्तरेकडून, मेनमधून निघाली आणि थोड्याच दिवसांत जंगलात वाट चुकली. चष्मा फुटला, खाणं संपलं. वनरक्षकांनी तिला समजावलं की आजी, घरी जा. ती गेली आणि घरी कुणाला एका शब्दाने बोलली नाही.

पुढच्या वर्षी ३ मे रोजी ती दुसऱ्या टोकाला, जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवर उभी होती. झोळीत काय होतं? एक लष्करी घोंगडी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा, थोडी औषधं, मनुके, दाणे, डबाबंद सॉसेज. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, नकाशासुद्धा नाही. वजन नऊ किलोंच्या आत. पायात साधे कॅनव्हासचे बूट, आपल्या शाळेत पीटीला असायचे ना, साधारण तसेच. असे पाच-सहा जोड तिने वाटेत झिजवून टाकले. थंडी वाजली की दगड शेकोटीत तापवायचे आणि त्यांच्यावर झोपायचं. (हे करून बघू नका. निदान आधी कुणा जाणत्याला विचारा.)

या वाटेची एक गंमत सांगतो. आपल्या भीमाशंकरला जसं पूर्वेकडचं पाणी भीमेतून बंगालच्या उपसागराकडे जातं आणि पश्चिमेकडचं कोकणात उतरतं, तशीच ही वाटही पाणलोटाच्या धारेवरून जाते. त्यामुळे चालणाऱ्याला नद्या भेटतात त्या बाळपणीच. जॉर्जियात चॅटाहूची नदीचा झरा वाटेच्या अगदी खालीच फुटतो. तिथून ते पाणी थेट दक्षिणेला मेक्सिकोच्या आखाताकडे निघतं. त्याच भागात धारेच्या पलीकडे हायवासी नदी उगम पावते. तिचं पाणी मात्र टेनेसी, ओहायो आणि मिसिसिपी असा भलामोठा वळसा घालून त्याच आखाताला मिळतं. म्हणजे ज्या ओहायोच्या काठी एमा जन्मली, तिला मिळणारं थोडंसं पाणी ती इथे ओलांडत होती. वर उत्तरेला, माउंट वॉशिंग्टनच्या खांद्यावर ढगात बुडालेली छोटी तळी लागतात, तिथे अमोनूसक नदी सुरू होते.

पण लेखातली ती सोपी वाट कुठे सापडेना. खुणा पुसलेल्या, झाडं आडवी पडलेली, मुक्कामाच्या खोपी मोडलेल्या. काही घरांनी तिला गरम जेवण आणि बिछाना दिला, काहींनी दार लावून घेतलं. मग ती बाकावर किंवा पाल्याच्या ढिगावर झोपली. ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायेन ही दोन चक्रीवादळं एकापाठोपाठ आली, ओढे फुगले. व्हरमाँटमध्ये एका घळीवरचा पूल वाहून गेला होता. तिथे वाटेत भेटलेल्या नौदलाच्या दोन तरुणांनी तिला दोघांच्या मध्ये दोरीने बांधून घेतलं आणि पाण्यातून पार नेलं. एव्हाना वर्तमानपत्रांना सुगावा लागला होता. मुलांनाही आई कुठे आहे ते नीट कळलं होतं. कुणी तिला परत बोलावलं नाही. ऐकलं असतं असंही नाही म्हणा!

२५ सप्टेंबर १९५५. १४६ दिवसांनंतर ती मेनमधल्या माउंट कटाडिनच्या माथ्यावर पोचली. चष्मा पुन्हा फुटलेला, गुडघा दुखावलेला, अंगावरचे कपडे सैल झालेले. तिथे ती एकटीच देशाचं गाणं म्हणाली आणि खाली उतरली.

पत्रकारांसमोर मात्र तिने कौतुक वगैरे केलं नाही. वाट इतकी वाईट आहे हे आधी कळलं असतं तर निघालेच नसते, पण एकदा निघाल्यावर सोडवेना, असं तिने स्पष्टच सुनावलं. याचा परिणाम असा झाला की वाटेच्या दुरुस्तीकडे लोकांचं लक्ष गेलं. त्या मासिकातल्या लेखापेक्षा आजीची तक्रार जास्त कामाला आली, असं माझं मत.

इतकी नावं ठेवलेल्या वाटेवर ती १९५७ मध्ये पुन्हा गेली! १९५९ मध्ये मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून पोर्टलंडपर्यंत जुन्या ओरेगन ट्रेलने सुमारे ३,२०० किलोमीटर चालली, तेव्हा ती ७१ वर्षांची होती. १९६४ मध्ये अ‍ॅपलेशियन ट्रेल टप्प्याटप्प्याने तिसऱ्यांदा पूर्ण केला. तीनदा तो चालणारी ती पहिली व्यक्ती.

मधल्या काळात ओहायोतच एक लांब पायवाट उभी करायच्या कामात ती उतरली. तीच आजची बकाय ट्रेल. हॉकिंग हिल्सच्या दऱ्यांमधून दर जानेवारीत एक हिवाळी पदभ्रमण निघतं, त्यात ती हौसेने पुढे असायची. ४ जून १९७३ रोजी, ८५ व्या वर्षी ती गेली. त्या दऱ्यांमधल्या साधारण दहा किलोमीटरच्या वाटेला आता तिचं नाव आहे. आजही जानेवारीत, बर्फ पडलेला असताना, हजारो माणसं तिथे चालायला येतात. वाट गुहेपासून निघते, धबधब्याशी पोचते आणि मग दुसऱ्या गुहेकडे जाते.