शेंगांवरून नाव पडलं, बारा मात्रांनी जग फिरवलं: गिटारवादक साबिकास

फ्लामेन्को म्हटलं की दक्षिण स्पेन, म्हणजे अंदालुसिया. सेव्हिल, हेरेस, कादिस ही त्याची गावं. पण या संगीतातला एक फार मोठा गिटारवादक जन्मला तो थेट उत्तरेच्या टोकाला, पाम्पलोना शहरात. 16 मार्च 1912 चा जन्म, घराणं गितानो. गितानो म्हणजे स्पेनमधले जिप्सी. त्यांचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वी भारतातून निघालेले. मुलाचं नाव आगुस्तीन कास्तेयोन काम्पोस, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वालासारख्या कोवळ्या शेंगांचे दाणे पोरगं कच्चेच खायचं. त्या दाण्यांना तिकडे आबिकास म्हणतात. बोलता बोलता त्याचं साबिकास झालं आणि तेच नाव पुढे रेकॉर्डवर छापलं गेलं.

गिटार हातात आली पाचेक वर्षांचा असताना. रीतसर गुरू नाही, नोटेशन वाचणं तर आयुष्यभर जमलं नाही. सगळं कानावर. लहान वयातच तो माद्रिदच्या मंचांवर वाजवू लागला आणि त्या काळच्या गायकांना साथ करू लागला. ही साथच त्याची खरी शाळा. साबिकास आठवतो तो त्याच्या झपाट्यासाठी, पण त्या झपाट्याखालचा लयीचा हिशेब साथ करता करताच पक्का झाला होता.

हा हिशेब आपल्या वाचकांना जड जाणार नाही. फ्लामेन्कोच्या तालचक्राला कोम्पास म्हणतात. बुलेरिया हा त्यातला सगळ्यात खट्याळ प्रकार, मात्रा बारा. आपला एकतालही बारा मात्रांचाच, पण त्याचे दोन-दोनचे सहा सरळ विभाग. बुलेरियात मोजणी बारापासून सुरू होते आणि वजन पडतं बारा, तीन, सहा, आठ, दहा या मात्रांवर. म्हणजे तीन, तीन, दोन, दोन, दोन. आता गंमत बघा. वादकाचा पाय पुष्कळदा एकतालासारखा सम आकड्यांवर चालतो: दोन, चार, सहा. हाताचं वजन मात्र तीनवर. पाय दोनवर पडून गेलेला, चारवर अजून पडायचाय, आणि मधल्या मोकळ्या जागेत हात तारांवर कोसळतो. ऐकणारा तिथेच हलतो. आपल्याकडे तिहाई समेवर आणतात; इथे तुकडा बहुतेक वेळा दहावर तोडतात, मग अकरा रिकामी.

त्यात रास्गेआदो, म्हणजे उजव्या हाताची बोटं एकेक करून बाहेर झटकत तारा छेडणं. प्रत्येक बोटाचा आघात सारखा आला तर नुसता खळखळाट होतो. नेमकं कुठलं बोट वजनाच्या मात्रेवर पडायचं, कुठे अर्धी मात्रा आधीच घुसायचं, कुठे तळवा ठेवून तारा गप्प करायच्या, ते ठरवावं लागतं. जोडीला गिटारच्या लाकडावर बोटाची टिचकी, तिला गोल्पे म्हणतात. वजनाची मात्रा आली आणि हाताने मुद्दाम काहीच वाजवलं नाही, तरी ती ऐकू यावी, हे खरं कसब.

1936 साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. चोवीस वर्षांचा साबिकास देश सोडून दक्षिण अमेरिकेकडे गेला. गायक, टाळ्या धरणारे शेजारी, मैफिलीतली दाद, हे सगळं मागे राहिलं. अशा माणसाची लय टिकायची कशी? त्याला कार्मेन आमाया भेटली. बार्सिलोनाची ही गितानो नर्तकी पायांच्या कामासाठी गाजलेली. तिच्याबरोबर तो अमेरिका खंडभर फिरला. तिचे पाय मात्रेचेही तुकडे करायचे. गिटारवाल्याचा हिशेब जरा चुकला तर तो उघडा पडणार. दोघांनी पुढे एकत्र रेकॉर्डही केल्या. त्या ऐकताना कुठे पाय आणि कुठे गिटार, हे एखाद्या जागी कळत नाही.

काही वर्षं मेक्सिकोत काढून तो न्यूयॉर्कला स्थिरावला. तिथे गायक-नर्तकाशिवाय, एकट्या गिटारचे कार्यक्रम त्याने केले. फ्लामेन्को गिटार ही साथीचीच, हा समज मोडणाऱ्यांत त्याचं नाव पुढचं. 1961 ची ‘फ्लामेन्को पुरो’ ही रेकॉर्ड जगभरच्या शिकणाऱ्यांनी झिजवली. एकट्याने वाजवतानाही तो चक्र सोडत नाही. कितीही धावला तरी दहावर बरोबर येतो.

साठच्या दशकात अंदालुसियाचा एक कोवळा मुलगा दौऱ्यावर न्यूयॉर्कला आला आणि साबिकाससमोर दुसऱ्या एका उस्तादाच्या चिजा वाजवून बसला. साबिकासने त्याला स्वतःचं वाजवायला सांगितलं. मुलाला ते लागलं, पण त्याने ऐकलं. तो पाको दे लुसिया.

1967 मध्ये, एकतीस वर्षांनी, साबिकास स्पेनला जाऊन आला, पण घर न्यूयॉर्कच राहिलं. शेवटच्या काळात ग्रानादाचा गायक एन्रिके मोरेन्ते त्याच्याबरोबर गायला. त्या अल्बमचं नाव दोन शहरांचं, न्यूयॉर्क आणि ग्रानादा. जगाने एकलवादक म्हणून डोक्यावर घेतलेला हा माणूस तिथे पुन्हा गायकाच्या शेजारी बसून साथ करतो आहे. 14 एप्रिल 1990 रोजी तो न्यूयॉर्कमध्ये गेला. दफन मात्र पाम्पलोनात झालं, आणि 2014 पासून त्याच उत्तरेकडच्या शहरात त्याच्या स्मरणार्थ फ्लामेन्कोचा महोत्सव भरू लागला.