सौरवाताचा अभ्यासक

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले. त्याला पुढे 'विक्रम' हे नाव देण्यात आले. ते नाव ज्यांचे, ते डॉ. विक्रम साराभाई इस्रोचे संस्थापक म्हणून सर्वपरिचित आहेत. त्यांचे स्वतःचे संशोधन मात्र त्यांनीच उभारलेल्या संस्थांच्या सावलीत झाकले गेले.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये शिकत असतानाच महायुद्ध पेटले. मायदेशी परतून बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांची मोजणी आरंभली. हे किरण पृथ्वीवर कधी कमी, कधी अधिक का पोहोचतात, या प्रश्नाने त्यांचा पिच्छा कधीच सोडला नाही. १९४७ साली त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापली, तीही मुख्यतः याच ध्यासापोटी.

उत्तराचा धागा सूर्यापर्यंत जात होता. सूर्यातून विद्युतभारित कणांचा अखंड झोत वाहतो, असे युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडले. १९६२ मध्ये 'मरिनर-२' यानाने त्याची खात्री पटवली. लगेच पुढच्या वर्षी साराभाईंनी शोधनिबंधातून दाखवले की, हा सौरवात सर्वत्र सारख्या वेगाचा नसेल, तर मागून येणारा वेगवान झोत पुढच्या मंद झोताला गाठील आणि तेथे कणांची दाटी होऊन आघात-लहरी उठतील. थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले तेही १९६३ मध्येच!

अशा दाटीतून जाताना रेडिओ संदेश किंचित रेंगाळतो, त्याची कंप्रता थरथरते. आर्वीचे उपग्रह पृथ्वीलगतचे, त्यांना याची झळ नव्हती. परंतु दूरच्या यानाचे अंतर आणि वेग संदेशावरूनच ठरत असल्याने तेथे हिशेब चुकू शकतो. उलट, हीच थरथर मोजून सौरवाताचा ठावही घेता येतो.

१९६६ मध्ये डॉ. भाभांच्या अपघाती निधनानंतर अणुऊर्जा आयोगाची धुरा साराभाईंवर आली. देशाला त्याचा लाभ झाला. सौरवाताच्या अभ्यासाला मात्र एक कल्पक संशोधक बव्हंशी मुकला, असे वाटल्यावाचून राहत नाही. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे, अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२०१५ च्या मे-जूनमध्ये मंगळ सूर्याआड जात असताना 'मंगळयाना'चे संदेश सूर्याच्या प्रभामंडळातून येत होते. त्यांतील थरथरीवरून तेथील खळबळ मोजणाऱ्यांत थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे आणि अहमदाबादच्या त्याच प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ होते.