समोरचा माणूस ओळखणारे गाडगेबाबा

सीमाभागात भाषेच्या सभेला विषय कोणता घ्यावा, हा वाद नेहमीचाच. अशा वेळी गाडगेबाबा आठवतात. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांना लिहिता-वाचता येत नव्हते. गावात पोचले की आधी ते खराट्याने गाव झाडीत. रात्री कीर्तनात विषय त्या गावकऱ्यांच्याच घरातले: सावकाराचे कर्ज, दारू, देवापुढे कापला जाणारा बकरा, शाळेविना राहिलेली पोरे. बोली वऱ्हाडी. ते प्रश्न विचारीत आणि उत्तर गर्दीकडूनच वदवून घेत. डिसेंबर १९५६ मध्ये ते वारले.

आपले वक्ते मात्र करजगीसारख्या गावी, कन्नड-मराठी दोन्ही बोलणाऱ्या शेतकऱ्यांपुढे, पुस्तकी मराठीत मराठीचाच गौरव सांगत बसतात. तुरीच्या भावाचा, पोरांच्या शाळेचा शब्दही निघत नाही.